‘आज’ कोडच्या बाहेर ठेवा: युनिट टेस्टमध्ये चालू तारीख ताब्यात कशी ठेवायची

समजा, शेतमाल तारण कर्जाच्या व्याजाची एक युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा छोटा तुकडा बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, नोव्हेंबरात लिहिली. माल सोयाबीन, मुद्दल एक लाख, तारणाची तारीख ११ नोव्हेंबर २०२४, आणि अपेक्षा एवढीच की दर ६ टक्के निघावा. डिसेंबरात ती हिरवी (पास), होळीला हिरवी, आणि ११ मे २०२५ च्या सकाळी लाल (नापास). मधल्या काळात त्या फाइलला कोणी हातही लावलेला नाही.

कोडचं काही चुकलेलं नाही. माल गोदामात येऊन १८१ दिवस झाले, मुदत उलटली, कोडने दर बदलला. भानगड टेस्टमध्ये आहे. तिच्यातली तारणाची तारीख पक्की आहे आणि ‘आज’ मात्र रोज एक दिवस पुढे सरकतो आहे. अशी टेस्ट कधी ना कधी फुटणारच, आणि फुटते तेव्हा नेमकी घाईची वेळ असते.

अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलडाणा या पट्ट्यात तालुक्याच्या गावी बसून शेतकरी उत्पादक कंपन्यांचं, सेवा सोसायट्यांचं, जिनिंगचं सॉफ्टवेअर लिहिणारे आता बरेच जण आहेत. या कामात तारखेवाचून पान हलत नाही. कर्जाची मुदत, व्याजाचे टप्पे, पीक विम्याची सूचना, कापसाचे चुकारे, ३१ मार्चला हिशेब बंद करणं, सगळं तारखेवर चालतं. म्हणून खालची उदाहरणं याच कामातली घेतली आहेत. कोडचे तुकडे कोणत्याही एका भाषेतले नाहीत. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, जे वापरत असाल त्यात तसेच उतरतील.

पहिली पायरी: घड्याळाकडे कोण कोण बघतं ते शोधा

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘नाऊ’, ‘टुडे’, ‘न्यू डेट’ असे शब्द शोधा. यादी बघून छाती दडपेल, पण त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. लॉगमध्ये पडणारी वेळ, बॅकअप फाइलच्या नावातली तारीख, कॅशची (तात्पुरत्या साठवलेल्या माहितीची) मुदत यांच्यावर पैशाचा किंवा नियमाचा कोणताही निर्णय अवलंबून नाही. त्यांना हात लावू नका.

खरी नजर ठेवायची ती न दिसणाऱ्या जागांवर. डेटाबेसच्या टेबलात एखाद्या रकान्याला ‘करंट डेट’ असं आपोआप मूल्य दिलेलं असतं. ओआरएम, म्हणजे कोड आणि डेटाबेस जोडणारं साधन, ‘तयार केल्याची वेळ’ स्वतःच भरतं. पावतीच्या टेम्पलेटमध्ये कोणीतरी थेट आजची तारीख छापलेली असते. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे फंक्शनच्या पॅरामीटरचं डिफॉल्ट मूल्य. पायथॉनमध्ये डिफॉल्ट म्हणून ‘टुडे’ लिहिलं, तर ते फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच ठरतं. सर्व्हर सोमवारी सुरू केला असेल, तर शुक्रवारीसुद्धा त्या फंक्शनच्या लेखी सोमवारच असतो. विकासकाच्या मशीनवर हे कधीच लक्षात येत नाही, कारण तिथे प्रोग्राम दिवसातून दहादा बंद-चालू होतो.

दुसरी पायरी: तारीख पॅरामीटर म्हणून द्या

सगळ्यात साधा उपाय हाच, आणि माझ्या मते दहापैकी आठ ठिकाणी दुसऱ्या कशाची गरजच पडत नाही. हिशेब करणाऱ्या फंक्शनने घड्याळाला काही विचारायचं नाही. ‘आज’ काय आहे ते त्याला बाहेरून सांगायचं.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत १८० दिवस, व्याज ६ टक्के, हा तिचा गाभा. मुदत उलटल्यावर काय, हे आपल्या उदाहरणापुरतं असं धरू: १८० दिवसांपर्यंत ६ टक्के, त्यापुढच्या फक्त जास्तीच्या दिवसांना ८ टक्के.

```
व्याज(मुद्दल, तारण_तारीख, आज):
    दिवस  = आज - तारण_तारीख
    मुदतीतले = किमान(दिवस, १८०)
    जास्तीचे = कमाल(दिवस - १८०, ०)
    परत_दे  मुद्दल × (६ × मुदतीतले + ८ × जास्तीचे) ÷ ३६५००
```

या फंक्शनच्या टेस्टला कुठलीही लायब्ररी लागत नाही. ११ नोव्हेंबर २०२४ ला तारण ठेवलं, तर १८० वा दिवस १० मे २०२५ ला येतो. हद्दीच्या अलीकडे, हद्दीवर आणि पलीकडे अशा तीन तारखा घ्या:

```
तपास व्याज(१०००००, ११-११-२०२४, ०९-०५-२०२५) == २९४२.४७
तपास व्याज(१०००००, ११-११-२०२४, १०-०५-२०२५) == २९५८.९०
तपास व्याज(१०००००, ११-११-२०२४, ११-०५-२०२५) == २९८०.८२
```

पहिल्या दोन ओळींतला फरक १६ रुपये ४३ पैसे, म्हणजे एका दिवसाचं ६ टक्क्यांचं व्याज. नंतरच्या दोन ओळींतला २१ रुपये ९२ पैसे, म्हणजे ८ टक्क्यांचं. हे आकडे आधी कॅल्क्युलेटरवर काढा आणि मग टेस्टमध्ये लिहा. कोड चालवून जे उत्तर येईल तेच ‘अपेक्षित’ म्हणून चिकटवलं, तर ती तपासणी राहत नाही. पैशासाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) न वापरता डेसिमल (दशांश अचूक साठवणारा) वापरा, आणि उत्तर दोन दशांश स्थळांत, म्हणजे पैशापर्यंत, फक्त शेवटी एकदाच बसवा.

दिवस मोजायचे कसे, हे मात्र संगणकाला विचारून कळत नाही. ठेवल्याचा दिवस धरायचा की उचलल्याचा, की दोन्ही? यासाठी बाजार समितीच्या किंवा सोसायटीच्या सचिवाकडेच जावं लागतं. तिथे उत्तर साधारण असं मिळतं: “माल ठेवला तो दिवस धरत नाई भाऊ, उचलला तो धरतो.” हे वाक्य टेस्टच्या नावातच उतरवा: ‘ठेवल्याचा_दिवस_धरत_नाही’. दोन वर्षांनी नवा माणूस आला की त्याला वेगळा कागद शोधावा लागणार नाही.

याच उदाहरणात आणखी एक मासलेवाईक गोष्ट आहे. १० मे २०२५ हा दुसरा शनिवार होता, त्यामुळे बँक बंद. ११ ला रविवार. १२ ला बुद्धपौर्णिमा, तीही सुट्टी. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी पैसे भरायला निघालेल्या शेतकऱ्याला बँकेचं दार थेट मंगळवारी, १३ तारखेला उघडं मिळणार. मुदत पुढे सरकते की नाही, हा संस्थेचा निर्णय. पण तो कोडमध्ये असायला हवा आणि त्याची टेस्टही असायला हवी. सुट्ट्यांची यादी ‘आज’सारखीच बाहेरून द्या. ती कोडमध्ये कोरून ठेवली, तर दर जानेवारीत नवी आवृत्ती काढत बसाल.

तिसरी पायरी: तारीख खोलवर न्यायची असेल तर घड्याळच हातात द्या

एका फंक्शनमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात ‘आज’ नेत राहिलं की सगळ्या फंक्शनच्या पॅरामीटरच्या याद्या लांबत जातात. शिवाय काही कामं लांब चालतात आणि त्यांना मध्ये मध्ये वेळ बघावी लागते. अशा वेळी तारीख देण्याऐवजी घड्याळ नावाची वस्तू द्या. तिला एकच काम: विचारलं की वेळ सांगणं. प्रत्यक्ष वापरात खरं घड्याळ, टेस्टमध्ये आपण किल्ली दिलेलं.

```
वर्ग ठरलेलं_घड्याळ:
    सुरू(वेळ):        स्व.वेळ = वेळ
    आत्ता():          परत_दे स्व.वेळ
    पुढे_सरक(अवधी):   स्व.वेळ = स्व.वेळ + अवधी
```

जावात हे स्वतः लिहायची गरज नाही. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, ‘क्लॉक’ हा वर्ग भाषेतच आहे. ‘क्लॉक फिक्स्ड’ एका क्षणावर थांबलेलं घड्याळ देतो, ‘क्लॉक ऑफसेट’ ठरावीक अंतराने पुढे-मागे चालणारं. ‘लोकलडेट नाऊ’ला कंसात ते घड्याळ दिलं की झालं. डॉटनेटवाल्यांना यासाठी बरीच वाट बघावी लागली. २०२३ च्या डॉटनेट ८ मध्ये ‘टाइमप्रोव्हायडर’ आला आणि टेस्टसाठी त्याच्या जोडीला ‘फेकटाइमप्रोव्हायडर’चं वेगळं पॅकेज. गो भाषेत १.२५ या आवृत्तीपासून ‘सिंकटेस्ट’ आहे. त्याच्या बुडबुड्यात चालणाऱ्या टेस्टचं घड्याळ १ जानेवारी २००० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे), सुरू होतं आणि सगळे गोरूटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, अडून थांबले की आपोआप पुढे उडी मारतं. त्यामुळे तासाभराचा टाइमआउटसुद्धा क्षणात तपासता येतो. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये वर दिलेला चार ओळींचा वर्ग पुरतो.

एक पथ्य पाळा. एका व्यवहारात घड्याळ एकदाच वाचा. पावतीची तारीख एकदा विचारली, व्याजासाठी पुन्हा विचारली, आणि मधे रात्रीचे बारा वाजले, तर पावती आदल्या दिवसाची आणि व्याज दुसऱ्या दिवसाचं असा घोळ होतो. विनंती आली की दारातच एकदा वेळ घ्या आणि तीच आत सगळीकडे वापरा. याची टेस्ट लिहायची असेल, तर दर वेळी विचारल्यावर एक दिवस पुढे जाणारं खोडकर घड्याळ बनवा. कोड दोनदा विचारत असेल तर चोरी लगेच पकडली जाते.

चौथी पायरी: तारीख आणि क्षण यांची गल्लत सोडवा

सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात, म्हणून इथे जरा बसून घेऊ.

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर जुनीच असते. गिटहब ॲक्शन्सची मशीन यूटीसीवर चालतात, क्लाउडमधले बहुतेक सर्व्हरही तसेच लावलेले असतात. ‘रात्री दोन वाजता कोण नोंद करतं?’ असं पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून वाटू शकतं. हरभऱ्याच्या खरेदीचा जोर असताना केंद्राबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते आणि काटा मध्यरात्रीनंतरही चालू असतो. १ एप्रिल २०२५ ला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी काटापावती फाडली, तर यूटीसी सर्व्हरच्या हिशेबी ती ३१ मार्चच्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांची आहे. तारीख एक दिवसाने चुकली एवढ्यावर भागत नाही. पावती मागच्या आर्थिक वर्षात गेली, पावती क्रमांकाची मालिका बिघडली, आणि ऑडिटच्या वेळी हा एका पावतीचा फरक शोधत दोन माणसं बसली.

टेस्ट अशी:

```
घड्याळ = ठरलेलं_घड्याळ(३१-०३-२०२५ १९:१० यूटीसी)
पावती = काटापावती_फाड(घड्याळ, विभाग = "एशिया/कोलकाता")
तपास पावती.तारीख == ०१-०४-२०२५
तपास पावती.आर्थिक_वर्ष == "२०२५-२६"
```

इथे घड्याळ क्षण सांगतं आणि त्या क्षणाची तारीख काढायला टाइमझोन वेगळा दिला आहे. ‘आज’ कधीच एकट्या घड्याळातून निघत नाही, त्याला टाइमझोनची जोड लागतेच. ती जोड मशीनच्या सेटिंगवर सोडली की तुमच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर आणि सर्व्हरवर सगळं चूक.

उलट बाजू पीक विम्याची. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. इथे तारखा मोजून चालत नाही. गारपीट १८ मार्चला संध्याकाळी ५ वाजता झाली, तर मुदत २१ मार्चच्या संध्याकाळी ५ पर्यंत. कोडमध्ये कोणी ‘तीन दिवस’ असं लिहून तारखांची वजाबाकी केली असेल, तर २१ तारखेच्या रात्री ११ ची सूचनाही वेळेत धरली जाईल. ४:५९, ५:०० आणि ५:०१ अशा तीन वेळा तपासा. बरोबर ५ वाजताची सूचना आत की बाहेर, हे नियम वाचून आधी ठरवा.

याच कामात दुसरी गाठ बसते ती रेंजची. शेतकरी धुऱ्यावर उभा राहून फोटो काढतो, बटण दाबतो, आणि रेंज नसते. सूचना फोनमध्येच पडून राहते आणि गावात आल्यावर चार तासांनी सर्व्हरला पोचते. मग वेळ कोणती धरायची? फोनवरची धरली, तर फोनचं घड्याळ हाताने मागे करता येतं. सर्व्हरवरची धरली, तर रेंज नसल्याचा भुर्दंड शेतकऱ्याला. धोरण काहीही असो, नोंदीत दोन्ही वेळा वेगवेगळ्या साठवा, आणि टेस्टमध्येही दोन घड्याळं वेगवेगळी द्या: एक फोनचं, एक सर्व्हरचं. मग फोन बरोबर आणि सर्व्हर उशिरा, फोन एक दिवस मागे, फोन पुढच्या वर्षात, या सगळ्या परिस्थिती टेबलावर बसून तयार करता येतात. एकच घड्याळ गोठवणाऱ्या टेस्टला यातलं काहीच दिसत नाही.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी दोन खड्डे. महिने शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे मे म्हणजे ४. आणि ‘२०२५-०५-१०’ अशी नुसती तारीख अक्षरांत दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते. वेळ जोडून दिली, तर स्थानिक. भारतात यूटीसीची मध्यरात्र म्हणजे त्याच दिवशीचे सकाळचे साडेपाच, त्यामुळे चूक झाकून राहते. तोच कोड अमेरिकेतल्या मशीनवर ९ मे दाखवतो.

पाचवी पायरी: जुन्या कोडसाठी वेळ गोठवा

आयता हाती आलेला जुना कोड असेल, जागोजागी ‘नाऊ’ पेरलेला असेल, आणि हंगाम तोंडावर असेल, तर सगळं उकलत बसायला वेळ नसतो. तिथे घड्याळ गोठवणाऱ्या लायब्ऱ्या कामाला येतात. पायथॉनमध्ये ‘फ्रीझगन’ आणि ‘टाइम-मशीन’, जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट किंवा व्हिटेस्टचे ‘फेक टाइमर्स’ आणि ‘सेट सिस्टम टाइम’, रूबी ऑन रेल्समध्ये ‘ट्रॅव्हल टू’, पीएचपीत कार्बनचं ‘सेट टेस्ट नाऊ’. एका ओळीत काम होतं.

माझं मत असं की ही कुबडी आहे. पाय मोडला असताना जरूर घ्यावी, पण नवा कोड लिहितानाच ती काखेत घेऊन चालायला लागू नये. त्रास नेमका कुठे होतो तो सांगतो.

पायथॉनमध्ये ‘डेटटाइम’ हा प्रकार सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे त्याचं ‘नाऊ’ थेट बदलता येत नाही; नेहमीच्या मॉकने (टेस्टपुरती खोटी वस्तू बसवणाऱ्या साधनाने) प्रयत्न केला की ‘टाइपएरर’ येतो. मग ज्या मॉड्यूलमध्ये ते नाव वापरलं आहे तिथलं नाव बदलावं लागतं, आणि दुसऱ्या मॉड्यूलने ते आधीच आयात केलं असेल तर तिथलं राहूनच जातं. फ्रीझगन हे काम स्वतः करतं, पण त्यात दिलेली वेळ यूटीसी धरली जाते आणि स्थानिक वेळेचा फरक मुळात शून्य असतो. म्हणजे टेस्टमध्ये भारत आणि यूटीसी एकच होतात आणि वरच्या काटापावतीची चूक टेस्टमधून सुखरूप निसटते. फरक साडेपाच तासांचा मुद्दाम द्या.

जेस्टमध्ये ‘फेक टाइमर्स’ लावले की तारखेबरोबर ‘सेट टाइमआउट’ही थांबतं. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघणारी टेस्ट मग तशीच लटकते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. फक्त तारीखच खोटी करा, टाइमर राहू द्या. तसा पर्याय जेस्ट आणि व्हिटेस्ट दोन्हीकडे आहे.

गोठवलेली वेळ सोडायला विसरू नका. एका टेस्टने २९ फेब्रुवारी लावून ठेवली आणि मोकळी केली नाही, तर तिच्यानंतरच्या सगळ्या टेस्ट त्याच दिवशी जगतात. क्रम बदलला की निकाल बदलतो. म्हणून गोठवणं नेहमी अशा रचनेत करा की टेस्ट फसली तरी सुटका आपोआप होईल. आणि गोठवलेल्या वेळेत खऱ्या बाहेरच्या सेवेला हात लावू नका. डिजिटल सही केलेल्या विनंतीत वेळ असते, सर्टिफिकेटला मुदत असते. वेळ जुनी दिसली की समोरची सेवा दारातूनच परत पाठवते.

कोणत्या तारखा तपासायच्या

‘काहीतरी मधली तारीख’ घेऊन उपयोग नाही. चुका कडेला बसतात. या आपल्या कामाच्या:

- ३१ मार्च आणि १ एप्रिल. आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वर्ष एकने कमी करतं की नाही, हे १५ जानेवारीनेही तपासा.
- २९ फेब्रुवारी. २०२४ आणि २०२८ लीप वर्षं, २१०० नाही, २००० होतं. वर्षाला चारने भागून थांबणारा कोड २१०० मध्ये चुकेल. आपल्याला घाई नाही, पण टेस्ट एकाच ओळीची आहे.
- लीप वर्षातून जाणारी मुदत. ११ नोव्हेंबर २०२३ पासूनचा १८० वा दिवस ९ मे २०२४ ला येतो, १० ला नाही. ‘सहा महिने’ आणि ‘१८० दिवस’ एकच समजणारा कोड इथे उघडा पडतो, कारण सहा महिने म्हणजे ११ मे.
- ३१ जानेवारी अधिक एक महिना. जावा २८ किंवा २९ फेब्रुवारीवर थांबतं, जावास्क्रिप्ट घरंगळत मार्चच्या २ किंवा ३ तारखेला जातं. हप्त्यांच्या तारखा काढताना हे फार महाग पडतं.
- रात्री ११:५९, १२:००, आणि पहाटे ५:२९ व ५:३०.
- १९ जानेवारी २०३८. त्या दिवशी आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर ३२ बिटांत सेकंद मोजणारी जुनी घड्याळं उलटतात. आज पंधरा वर्षांच्या मुदतीचं कर्ज दिलं, तर शेवटचा हप्ता त्या पलीकडे जातो. म्हणजे ही टेस्ट आजच्याच कामाची आहे.

लीप दिवसाला हसू नका. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा कोलमडली ती याच पायी. सर्टिफिकेटची मुदत काढताना वर्षात एक मिळवला गेला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही नसलेली तारीख तयार झाली.

टेस्टच्या डेटात ‘आजपासून ३० दिवस आधी’ असं काही लिहू नका. ते वाचायला सोपं वाटतं, पण दर दिवशी वेगळी टेस्ट चालते आणि मार्चअखेर काय होईल ते मार्चअखेरच कळतं. पक्की तारीख लिहा.

डेटाबेस आणि सीआय

डेटाबेसच्या ‘करंट डेट’वर तुमचं खोटं घड्याळ चालत नाही, कारण तो वेगळा प्रोग्राम आहे. थकबाकीदारांची यादी काढणाऱ्या क्वेरीला तारीख पॅरामीटर म्हणून द्या. नोंद करतानाही तारीख कोडमधूनच पाठवा, रकान्याच्या डिफॉल्टवर सोडू नका. बस, एवढंच.

सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत, तीन गोष्टी लावा. सगळ्या टेस्ट दोनदा चालवा, एकदा मशीनचा टाइमझोन यूटीसी ठेवून आणि एकदा ‘एशिया/कोलकाता’ ठेवून. निकालात फरक पडला की समजा कुठेतरी मशीनच्या सेटिंगवर भरवसा टाकला आहे. आठवड्यातून एकदा लिनक्सवर ‘लिबफेकटाइम’ वापरून तारीख सात-आठ महिने पुढे नेऊन सगळं चालवा. सुरुवातीच्या उदाहरणातली टेस्ट मेपर्यंत थांबली नसती, नोव्हेंबरातच लाल झाली असती. तिसरं, नव्या कोडमध्ये थेट ‘नाऊ’ लिहायला लिंटरकडूनच (कोड न चालवता तो तपासणाऱ्या साधनाकडूनच) मज्जाव करा. पायथॉनच्या ‘रफ’मधला ‘डीटीझेड’ नावाचा नियमांचा गट टाइमझोन न देता लिहिलेलं ‘नाऊ’ पकडतो. डॉटनेटमध्ये बंदी घातलेल्या एपीआयची यादी देता येते. ईएसलिंटमध्ये ठरावीक रचना नाकारता येते. घड्याळाची खरी वस्तू जिथे बनते ती एकच फाइल यातून वगळा.

खरं घड्याळच खोटं बोलतं तेव्हा

हे बहुतेक लेखांत नसतं, पण आपल्याकडे लागतं. सोसायटीच्या ऑफिसातला संगणक दहा वर्षांचा असतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, कधीच बसलेला असतो. लाइन गेली आणि इन्व्हर्टरही दमला, की परत चालू झाल्यावर तारीख थेट मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जाते. इंटरनेट असलं तर ती सुधारते. नसलं तर ऑपरेटर तसाच पावत्या फाडायला बसतो.

घड्याळ आता आपल्या हातात आहे, त्यामुळे ही परिस्थिती टेस्टमध्ये आणणं सोपं आहे. ठरलेल्या घड्याळाने १२ डिसेंबर २०२५ ची पावती फाडा, मग घड्याळ १ जानेवारी २०१५ वर न्या आणि दुसरी फाडायचा प्रयत्न करा. अपेक्षा अशी ठेवा की नोंद होणार नाही, आधीच्या पावतीला धक्का लागणार नाही आणि क्रमांक वाया जाणार नाही. नंतर घड्याळ पुन्हा १२ डिसेंबरवर आणा. आता पावती फाटली पाहिजे आणि क्रमांक लगेचचा पुढचा असला पाहिजे. काही मिनिटांचा मागचा फरक मात्र चालू द्या, नाहीतर इंटरनेटवरून वेळ जुळताना घड्याळ दोन सेकंद मागे आलं तरी काउंटर बंद पडेल. उलट दिशेचीही एक टेस्ट हवी: शेवटच्या नोंदीपेक्षा घड्याळ वर्षभर पुढे असेल, तर थांबून विचारायचं, कारण एक पावती २०३५ ची पडली की त्यानंतरच्या सगळ्या खऱ्या पावत्या ‘मागच्या तारखेच्या’ ठरून अडतात.

पडद्यावर येणारा मजकूरही त्याच टेस्टमध्ये तपासा: “संगणकाची तारीख ०१-०१-२०१५ दिसत आहे, शेवटची पावती १२-१२-२०२५ ची आहे. आधी तारीख दुरुस्त करा. तारीख पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर आतला सेल बदलून घ्या.”